भोपळ्या बरा झाला, माझा राग नाही

मित्रांनो, मी काचेची एक जुनी टाकी आहे. लांबी दीड हात, उंची एक हात, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात चार बोटांचा तडा. मला गोड बोलता येईल असे वाटत नाही. मी रागावलेली आहे. का रागावले आहे ते सांगते, मग तुम्हीच ठरवा.

एका काचवाल्याने मला घडवले. पाच काचा कापल्या, प्रत्येकीची कड घासून गुळगुळीत केली आणि चिकट लेप भरून त्या जोडल्या. मग मला पाण्याने काठोकाठ भरले आणि खाली कोरे वर्तमानपत्र अंथरले. एक थेंब जरी पडला असता तरी कागदावर दिसला असता. तीन दिवस तो सकाळ-संध्याकाळ वाकून कागद बघत होता. त्याची बायको म्हणाली, "अहो, गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं. देऊन टाका की आता."

"गळकी निघाली तर मासा तक्रार करायला येणार आहे का?" काचवाला म्हणाला. "त्याच्या वतीनं आपणच बघायचं."

जगात पाय ठेवताना मी ऐकलेले हे पहिले शहाणपणाचे बोलणे. मला वाटले होते, सगळी माणसे अशीच असतात.

मला नेले दातांच्या एका डॉक्टरांनी. त्यांच्या दवाखान्यात बाहेरची खोली होती, तिथे भिंतीला लागून नऊ खुर्च्या होत्या आणि हवेत कायम लवंगेच्या तेलाचा वास असे. गाल धरून माणसे यायची. आतून यंत्राचा घूंऽऽ आवाज आला की त्यांचे चेहरे उतरायचे. अशा खोलीत मला ठेवले आणि माझ्यात एक सोनेरी मासा सोडला. तेव्हा तो अंगठ्याएवढा होता. रंगाने नारिंगी, पोटाने गोल. मागच्या खोलीत कवळ्या बनवणारे एक वयस्क गृहस्थ होते. सगळे त्यांना कवळीकाका म्हणत. त्यांनी माशाला बघितले आणि म्हणाले, "हा तर भोपळाच." तेव्हापासून तो भोपळ्या.

सहा वर्षे भोपळ्या माझ्यात राहिला. ती वर्षे चांगली गेली, हे मान्य करायला हवे. ट्रक चालवणारा एक धिप्पाड माणूस होता. रस्त्यावर कुणाला घाबरत नसेल, पण सुई बघितली की तो दाराकडे सरकायचा. तो आत जाण्यापूर्वी माझ्या काचेला कपाळ टेकवून उभा राहायचा. भोपळ्या त्याच्यासमोर येऊन तोंड उघडझाप करायचा. दोघे एकमेकांकडे बघत राहायचे आणि मग ट्रकवाला मुकाट्याने आत जायचा. डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्यांना अभिमानाने सांगायचे, "या टाकीमुळे माझं अर्धं काम होतं." कवळीकाका दर आठवड्याला माझे पाणी बदलत. एक बादली पाणी ते आदल्या दिवशीच भरून ठेवत, त्यातला औषधाचा उग्र वास उडून जावा म्हणून.

आता एक कबुलीही देते. भोपळ्या वाढून तळहाताएवढा झाला होता आणि मी त्याला अपुरी पडत होते. चारदा शेपटी हलवली की काच. काका म्हणायचेही, "डॉक्टर, याला मोठी जागा हवी." डॉक्टर "बघू" म्हणायचे. तेव्हा नव्या टाकीच्या मी विरोधात होते असे समजू नका. ती ज्या पद्धतीने आली, त्याचा मला राग आहे.

दवाखान्याचे नूतनीकरण निघाले. रंगाऱ्याची शिडी माझ्या कोपऱ्यावर आपटली आणि मला तडा गेला. डॉक्टर म्हणाले, "जाऊ दे, जुनीच होती." सहा वर्षांच्या नोकरीचा निरोपसमारंभ एवढाच. भोपळ्याला काही दिवस बादलीत ठेवले. मला पुसून खोलीच्या कोपऱ्यात ठेवले आणि माझ्यात जुनी मासिके भरली.

नवी टाकी भिंतभर लांब होती. निळा दिवा, बुडबुडे, आणि मध्यभागी कृत्रिम दगडाचा एक किल्ला. त्याला बुरूज होते, खिडक्या होत्या. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी तिच्यात पाणी भरले आणि सकाळी डॉक्टर म्हणाले, "चला, मासे सोडा."

"पाणी कालच भरलंय," काका म्हणाले. "पंधरा दिवस तरी मुरू द्या. नाहीतर सोसणार नाही त्यांना."

"काका, फोटोवाला अकराला येतोय. पंधरा दिवसांनी मासे काय स्टुडिओत जाऊन फोटो काढणार?"

लोक हसले. काका हसले नाहीत. पण त्या दिवशी त्यांचे कुणी ऐकले नाही. भोपळ्याला जाळीने उपसून त्या पाण्यात सोडले, आणि सोबत दुकानातून आणलेले आठ नवे मासेही.

तिसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. खोलीत सात माणसे बसली होती. एक गृहस्थ आपला नंबर येईपर्यंत गाडीच्या किल्लीने नव्या टाकीच्या काचेवर टकटक करत होते. काचेच्या आत ती टकटक कशी ऐकू येते, तुम्हाला सांगू? डोक्यावर पातेले उलटे घालून कुणी त्यावर पळी मारावी, तशी. भोपळ्या बिथरला. लपायला जागा शोधता शोधता किल्ल्याच्या खिडकीत शिरला. डोके गेले, पोट अडकले.

मी चार पावलांवर होते. माझ्या पोटात मासिके होती. भोपळ्या पुढे जायला बघत होता, मागे यायला बघत होता, आणि त्या खिडकीच्या कडा त्याच्या अंगात रुतत होत्या. पाण्यात एक नारिंगी खवला तरंगत वर आला. मग दुसरा. एक लहान मुलगी म्हणाली, "आई, तो मासा अडकलाय." आई म्हणाली, "नीट बस खुर्चीवर." बाकीचे सगळे आपापल्या फोनमध्ये. किल्लीवाले गृहस्थ म्हणाले, "खेळतोय तो."

खेळत होता म्हणे.

शेवटी त्याने सगळा जोर लावून स्वतःला मागे ओढले आणि तो सुटला. पण उजव्या कुशीवर रुपयाएवढ्या जागेतले खवले सोलून निघाले होते, खाली लालभडक दिसत होते. शेपटी तीन ठिकाणी फाटली होती. उजवा डोळा खरवडला गेला होता. तो तळाशी जाऊन एका बाजूवर कलला.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी टाकीकडे बघितले, मग बसलेल्या माणसांकडे बघितले आणि टेबलाशी बसणाऱ्या ताईंना हळू आवाजात म्हणाले, "तो मासा काढा तिथून. पेशंट बघतात, वाईट दिसतं. टॉयलेटमध्ये सोडून द्या. दुसरा मागवतो मी दुपारी."

मित्रांनो, रोज दहा माणसांच्या दुखऱ्या दाढा हातात धरणारा हा माणूस. दुखणे म्हणजे काय, हे त्याला माहीत नव्हते असे नाही. पण त्याला दुखणे दिसलेच नाही, फक्त 'वाईट दिसणे' दिसले. माझ्या काचा तेव्हाच फुटायला हव्या होत्या. कशा टिकल्या कोण जाणे.

ताई उठल्या. दवाखान्यात येणाऱ्यांची नावे लिहून घेण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यांनी एका मगात भोपळ्याला घेतले आणि त्या आतल्या बाजूला चालू लागल्या. मला त्यांचाही इतका राग आला की काय सांगू. सहा वर्षे रोज सकाळी त्याला दाणे टाकणारा हात तो. पण टॉयलेटच्या दारापर्यंत गेलेली त्यांची पावले थांबली, वळली, आणि मागच्या खोलीच्या दाराशी त्यांचा आवाज आला.

"काका, मला नाही जमत हे."

त्यानंतर जे झाले ते भराभर झाले. काका बाहेर आले, हाताला कवळीच्या साच्याचे ओले प्लास्टर लागलेले. त्यांनी माझ्यातली मासिके उपसून खुर्चीवर टाकली. ताई साबण घेऊन धावल्या, तर काका म्हणाले, "साबण नको. साबणाचा थेंबही नको. नुसतं पाणी आणि मीठ." मला खसाखसा घासले, तीनदा विसळले आणि उचलून आत नेले.

काकांच्या खोलीत रसायनांचा उग्र वास असे, म्हणून तिथे मला ठेवले नाही. बाजूला जुने एक्स-रे ठेवायची एक अरुंद खोली होती. तिथल्या टेबलावर मला ठेवले. भोपळ्यासाठी आदल्या दिवशीची शिळी बादली होतीच. नव्या टाकीसाठी पाणी भरायला कुणी सांगितले नव्हते तरी काकांनी बादली भरून ठेवायची सवय मोडली नव्हती. माझ्या तड्याच्या खाली, अर्ध्यापर्यंतच पाणी ओतले. तळ मोकळा ठेवला. ना खडे, ना वनस्पती, ना शोभेचे काही. हवा सोडणारी छोटी नळी टाकली. मग भोपळ्याला मगासकट पाण्यात बुडवून अलगद बाहेर येऊ दिले.

काकांनी माशांच्या दुकानवाल्या बाईंना फोन लावला. बाईंचा आवाज खणखणीत होता, मला सगळे ऐकू आले.

"वाटेल ते औषध ओतू नका हं," बाई म्हणाल्या. "आधी पाणी. रोज अर्धं पाणी बदला, शिळं केलेलंच. दहा लिटरला दोन चमचे खडेमीठ, साधं, आयोडीनवालं नाही. एकदम नाही, विरघळवून थोडं थोडं. आज खायला देऊ नका. अंधार करा. आणि हात लावत बसू नका त्याला."

अंधार करायला काकांना काही सापडेना. मग ताईंनीच जुन्या एक्स-रेंचा गठ्ठा काढला आणि माझ्या तिन्ही बाजूंना बाहेरून त्या काळ्या फिल्मा चिकटवल्या. पुढचा दीड महिना माझ्या अंगावर अनोळखी माणसांचे जबडे होते. कुणाची अक्कलदाढ आडवी, कुणाचे दोन दात गायब. त्या जबड्यांच्या सावलीत भोपळ्या निपचित पडून होता. कल्ले तेवढे हलत होते.

पहिले दोन दिवस त्याने काही खाल्ले नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी उकडलेल्या मटाराचे साल काढून कणभर गर टाकला. तो त्याच्या नाकापुढून तळाला गेला. काकांनी तो काढून घेतला. चौथ्या दिवशी जखमेवर कापसासारखे पांढरे तंतू दिसू लागले. बुरशी. काका चष्मा कपाळावर ढकलून वाकले आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. मग दुकानवाल्या बाईंनी निळ्या औषधाची बाटली पाठवली. किती थेंब, किती दिवस, ते कागदावर लिहून दिले होते. माझे सगळे पाणी निळे झाले. माझ्या सांध्यांतला लेपही निळा झाला, तो अजून तसाच आहे.

रविवारी दवाखाना बंद असतो आणि काकांना लेकीकडे जायचे होते. पाणी कोण बदलणार? ताई म्हणाल्या, "मी येते." सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून त्या आल्या. बादलीने पाणी काढताना त्या भोपळ्याशी बोलत होत्या. "मी नेलं होतं रे तुला. दारापर्यंत नेलं होतं. नोकरी जाईल असं वाटलं मला." माझा त्यांच्यावरचा राग त्या दिवशी गेला. ज्याला आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगता येते, त्याच्यावर किती दिवस धुसफुसायचे?

डॉक्टरांवरचा मात्र होता तसाच होता. बाहेरच्या टाकीत आठपैकी तीन नवे मासे मेले होते. न मुरलेल्या पाण्याने मारले त्यांना. ते गेले त्या दिवशी कुणी मान खाली घातली नाही. दुपारी दुसरे तीन आले.

नवव्या दिवशी डॉक्टर काही फाइल शोधत एक्स-रेंच्या खोलीत शिरले आणि थबकले.

"हे काय? काका, हा दवाखाना आहे की मत्स्यालय?"

काका दारातच उभे होते. "मत्स्यालय तुम्ही बाहेर मांडलंय, डॉक्टर. हा दवाखानाच आहे."

"तुमची कामं पडलीत आणि तुम्ही इथं एका माशापायी—"

"माझी एकही कवळी उशिरा गेलेली नाही. दाखवा एखादी."

काका बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांची बाही कोपरापर्यंत ओली होती आणि हातात तो किल्ला होता, पाणी ठिबकत असलेला. त्यांनी तो माझ्याशेजारी टेबलावर ठेवला.

"त्या खिडकीत बोट घाला आणि फिरवा."

"काका, माझ्याकडे वेळ—"

"फिरवा."

इतक्या वर्षांत काकांचा तसा आवाज कुणी ऐकला नसेल. डॉक्टरांनी खिडकीत बोट घातले, फिरवले आणि झटक्यात बाहेर काढले. बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब होता. त्यांनी ते नकळत तोंडात धरले.

"माझ्या हातून कवळी जाते ना," काका म्हणाले, "तेव्हा तिची प्रत्येक कड मी घासतो. मग डोळे मिटून बोट फिरवतो. कुठं खडबड लागली तर परत घासतो. कारण ज्याच्या तोंडात ती जाणार, त्याची हिरडी सोलली तर तो म्हातारा महिनाभर जेवणार नाही. हे तुम्हीच शिकवलं मला, पहिल्या वर्षी. या किल्ल्यावरून बोट कुणी फिरवलं? बनवणाऱ्यानं नाही, त्याला काय यात राहायचं नव्हतं. विकणाऱ्यानं नाही. आणि घेणाऱ्यानंही नाही."

डॉक्टर एक्स-रेंच्या गठ्ठ्यावर बसले. भोपळ्या निळ्या पाण्यात एका कुशीवर होता.

"मी बघायला हवं होतं," ते म्हणाले.

"हो," काका म्हणाले. बस, तेवढेच. "असू द्या", "होतं असं कधीकधी" वगैरे काही नाही. मला काका त्या क्षणी फार आवडले.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर दुपारच्या सुट्टीत दारातून डोकावून विचारू लागले, "खाल्लं का आज?" एका प्रश्नाने मी विरघळणारी नव्हे. पण ते विचारत होते, हे खोटे कशाला सांगू? एकदा ताई तापाने आल्या नाहीत आणि काकांची कंबर धरली होती, तेव्हा बादली डॉक्टरांनी उचलली. निम्मे पाणी पॅंटवर सांडले.

बाराव्या दिवशी भोपळ्याने मटाराचा कण गिळला. ताईंनी तोंडावर हात धरला, ओरडू नये म्हणून. बुरशी हळूहळू झडली. निळे पाणी बदलत बदलत स्वच्छ झाले. तिसऱ्या आठवड्यात शेपटीच्या फाटक्या कडेला काचेसारखी पारदर्शक किनार फुटली. ती रोज केसभर वाढत होती. मला ती सगळ्यांच्या आधी दिसली. दीड महिन्याने भोपळ्या माझ्यात फेऱ्या मारू लागला, आणि पुन्हा काचेला आपटू लागला, कारण मी लहानच होते.

उजवा डोळा मात्र गेला तो गेलाच. आणि सोललेल्या जागी खवले आले ते पांढरे.

त्याला मोठ्या टाकीत परत नेले तेव्हा घाई झाली नाही. किल्ला कधीच हद्दपार झाला होता. त्या जागी नदीतले गोटे होते, प्रत्येक गोट्यावरून काकांनी आणि डॉक्टरांनीही बोट फिरवलेले. पाणी मुरलेले होते. काचेवर पाटी लागली होती: 'काच वाजवू नये.' जाळी न वापरता, भांड्यातून नेले. ट्रकवाला आला, काचेला कपाळ टेकवले आणि ताईंना म्हणाला, "हा तोच ना? एका बाजूनं पांढरा झालाय."

"आजारी होता," ताई म्हणाल्या.

"मला कळवायचं ना," तो म्हणाला. "बघायला आलो असतो."

मी एक्स-रेंच्या खोलीतच राहिले. आता मला काम आहे. दवाखान्यात येणाऱ्यांना कळले की इथे माशांवर उपचार होतात, आणि कुणी ना कुणी पिशवीत, डब्यात मासा घेऊन येते. फाटलेले पर, सुजलेले डोळे, चावे. पुष्कळ बरे होऊन गेले. तेव्हा तुम्हाला वाटेल, आता हिचा राग शांत झाला असेल.

नाही झाला. मागच्याच आठवड्यात एक कुटुंब लहान काळा मासा घेऊन आले. पाठीवर खोल जखम, सगळ्या अंगावर बुरशी. काकांनी विचारले, "कधीपासून आहे हे?"

"दहा-बारा दिवस झाले," मुलांचे बाबा म्हणाले. "म्हटलं होईल आपोआप बरा."

तिघांनी मिळून जे शक्य होते ते सगळे केले. काका, ताई, आणि मी. तिसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या तळाशी गेला आणि त्याचे कल्ले थांबले. ते घरचे लोक आले, मुले रडली, त्यांची आई रडली, बाबांनी डोळे पुसले. काकांनी त्यांना पाणी दिले. मी काही दिले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या माशाला हाक मारता येत नाही. तो रडला तरी त्याचे पाणी पाण्यातच जाते. म्हणून रोज एकदा त्याच्याकडे नीट बघा, शोभा म्हणून नव्हे, जीव म्हणून. खवला निघालेला दिसला, तो कुशीवर कललेला दिसला, तर त्याच दिवशी हातातले काम खाली ठेवा आणि जाणत्याला विचारा. बारा दिवसांनी रडत येणारी माणसे मी आता पुष्कळ बघितली आहेत. मला ती नकोत. मला पहिल्या दिवशी बादली उचलणारा माणूस हवा.